एकच दिवा, तीन रंग

जुन्या मशीनीले तीन दिवे होते. डावीकडचा लागला की मशीन चालू, मधला लागला की मशीन गरम, उजवीकडचा लागला की काहीतरी बिघडलं. झालं. याहून जास्त अक्कल वेल्डिंगच्या मशीनीत लागत नाही, अन् लागूही नये. अठरा वर्षं मी रायपूरजवळच्या उरल्याच्या कारखान्यांतल्या एका शेडमध्ये त्या मशीनीवर ट्रकांचे डाले, म्हणजे मागचे माल भरायचे सांगाडे, जोडले, अन् अठरा वर्षांत कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे हे पाहायची मले एकदाही गरज पडली नाही. डावा, मधला, उजवा. मी जागेनं ओळखत होतो.

मंग कोण्या शहाण्याच्या डोक्यात आलं की तीन दिवे कायले पाहिजेत, एकच ठेवू अन् त्याचाच रंग बदलवू. तो शहाणा मले अजून भेटायचा आहे. भेटला तं विचारीन, दोन दिवे वाचवून तुनं कोणता बंगला बांधला बाप्पा?

नवी मशीन मार्च महिन्यात आली. दिसायले गोड. जुनीच्या निम्मी, चार चाकं, वर पडदा, त्यावर आकडे. काम तेच. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे तार आपोआप येते अन् टॉर्च, म्हणजे तार बाहेर सोडणारी दांडी, आपण धरायची. बटन दाबलं की तार सरसरत बाहेर येते, संगं गॅस येते, ठिणगी पडते अन् लोखंडाले लोखंड धरते. हात स्थिर पाहिजे, कान शाबूत पाहिजे. नीट चाललेल्या वेल्डिंगचा आवाज कढईत मोहरी तडतडल्यासारखा एकसारखा येते. आवाज तुटला की काम बिघडलं. त्यात रंगाचा संबंध येते कुठं?

पण आला. पडद्याच्या खाली मुगाच्या दाण्याएवढा दिवा होता. एकच.

मशीनवाल्या कंपनीचा इंजिनीअर अर्धा दिवस शिकवायले आला होता. तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं भराभर. आम्हा सगळ्यांना उभं करून त्यानं हिंदीत समजावलं. हिरवा दिवा असला की चालू द्या. मशीन अचानक थांबली अन् पडद्यावर दोन आडव्या रेघा आल्या, तं दिव्याकडे पाहा. पिवळा असला तं मशीन गरम झाली, तिले हात लावू नका, मेन स्विच तं बिलकूल बंद करू नका, कारण आतला पंखा चालत राहिला पाहिजे, पंखाच तिले थंड करते. अन् लाल असला तं करंटात गडबड आहे, एक सेकंद थांबू नका, मेन स्विच खाली ओढा. पिवळ्यात बंद कराल तं गरमी आतच कोंडून सर्किटचं कार्ड जळेल. लालमध्ये चालू ठेवाल तरी कार्ड जळेल. समझे?

समजलो ना बाप्पा. दोन्ही वेळी मशीन थांबणार, दोन्ही वेळी रेघा येणार, दोन्ही वेळी पंखा चालू राहणार, अन् करायचं मात्र एकदम उलट. अन् हे सगळं त्या मुगाच्या दाण्याच्या रंगावर.

त्यानं सर्वांत जुना म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हलवली म्हणजे चांगली जोरात हलवली.

आता खरं सांगतो. मले हिरवा, पिवळा अन् लाल वेगळा दिसत नाही. दिवा लागला आहे हे दिसते, पण तिन्ही वेळी तो मले एकाच मळकट रंगाचा दिसते, कधी थोडा उजळ, कधी थोडा मंद. निळा पक्का दिसते. पांढरा दिसते. जयंतीले आमच्या बुद्ध विहारावर पंचशील ध्वज लागते, त्याचे पाचही रंग लोकांना दिसतात, मले तीनच मोजता येतात. बाजारातून मी कच्चे टमाटर आणतो म्हणून बायको तीस वर्षांपासून बोलून राहिली. तिले वाटते मी बेफिकीर आहो. वाटू दिलं.

हे मले विशीत कळलं. आमचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीपायी इकडं आले, बाबाही रेल्वेतच, तेही सिग्नल विभागात. तेव्हा मी कुठं जायचं हे माझ्या जन्माच्या आधीच ठरलं होतं. मी लेखी परीक्षा पास झालो. बाबांनी कॉलनीत पेढे वाटले. मंग मेडिकल झाली. तिथल्या डॉक्टरनं ठिपक्या-ठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरलं अन् विचारलं, यात कोणता आकडा दिसते? मले कोणताच आकडा दिसत नव्हता. नुसते ठिपके. मले वाटलं, हा माणूस माझी मजा करून राहिला. म्हणून मी मनानंच दोन-तीन आकडे ठोकून दिले. त्यानं पुस्तक मिटलं अन् कागदावर काहीतरी लिहिलं.

सिग्नलवाल्याच्या पोट्ट्याले सिग्नल दिसत नाही, हे बाबांना पटलंच नाही. त्यांच्या मते मले रेल्वेत जायचंच नव्हतं, म्हणून मी डॉक्टरसमोर मुद्दाम चुकीचे आकडे सांगितले. "डोळे तं याचे गरुडावानी आहेत, नियत खराब आहे," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत. पहिली दोन-तीन वर्षं मी भांडलो. मंग सोडून दिलं. आयटीआय केली, वेल्डिंग शिकलो, उरल्यात लागलो, अन् पुन्हा कोणाले आपल्या डोळ्यांबद्दल एक शब्द सांगायचा नाही असं ठरवलं. खरं सांगून खोटारडा ठरण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. हे माझं तेव्हाचं शहाणपण.

तं आता या नव्या मशीनीचं काय करायचं?

माझ्या जोडीले ठेकेदाराकडून एक बाई होती. छत्तीसगढी, बिरगावकडच्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, राहणारी, चाळिशीच्या आसपासची. जोडावरचा कचरा ब्रशनं साफ करणं, उडालेले लोखंडाचे दाणे छिन्नीनं काढणं, तारेचं बंडल संपलं की दुसरं चढवणं, अन् मेन स्विच चालू-बंद करणं, हे तिचं काम. मी डाल्याच्या आत वाकलेलो असायचो अन् स्विच पलीकडच्या खांबावर, म्हणून मी हातवारा करायचो अन् ती स्विच ओढायची. मी तिले दीदी म्हणायचो, ती मले भैया. वयानं मी पंधरा वर्षांनी मोठा, पण रायपुरात दीदी म्हणायले वय पाहत नाहीत.

पहिल्याच दिवशी मशीन थांबली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दीदी, चश्मा घर में रह गया, बत्ती देखना तो." तिनं वाकून पाहिलं अन् म्हणाली, "पिंवरा हे." म्हणजे पिवळा. मी म्हटलं, "हां, रहने दो फिर." अन् आरामात पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी चष्मा पुन्हा घरी राहिला. तिसऱ्या दिवशी डोळ्यात कचरा गेला. चौथ्या दिवशी मी विचारायच्या आधीच ती बोलली, "पिंवरा हे, भैया." तिथून पुढं मले विचारावंच लागलं नाही. मशीन थांबली की तिचा आवाज यायचा, पिंवरा, अन् थंड झाली की हरियर, म्हणजे हिरवा. मले वाटलं, बाई कामाले हुशार आहे. मी तिचं कौतुकही केलं, मनातल्या मनात. तोंडानं करायले काय जात होतं, पण नाही केलं.

एप्रिलात एकदा उरल्याच्या लाइनीत करंट उसळला. मशीन थांबली अन् मी डाल्यातून डोकं बाहेर काढतो न काढतो, तोच ती "लाल! लाल!" करत पळाली अन् तिनं स्विच खाली ओढला. शेजारच्या शेडमधल्या दोन मशीनी त्या दिवशी बसल्या. आमची वाचली. सुपरवायझर साहेब आले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वाह, क्या टाइमिंग है आपका!" मी हसलो. बाई छिन्नी घेऊन दाणे काढत होती. तिनं मान वर केली नाही.

म्हणजे पाहा, कसं चाललं होतं माझं. पण चाललं होतं. अन् चालत असलेल्या गोष्टीले माणूस हात लावत नाही.

मंग नवतपा लागला. मे संपतानाचे ते नऊ दिवस रायपुरात ज्यानं पत्र्याच्या शेडखाली काढले, त्यालेच कळते. छत तापते, डाल्याचा पत्रा तापते, टॉर्चचा दांडा हातमोज्यातून भाजते. मशीन तं दर दहा-बारा मिनिटाले थांबायची. दिवसभर पिंवरा, पिंवरा. काम रखडून राहिलं, अन् माझं डोकं मशीनीच्या आधी गरम होऊन राहिलं. हिचा पंखा चालू ठेवा, हिले आराम द्या, अन् आम्ही? आमच्या शेडमध्ये एक पंखा होता, तो सुपरवायझरच्या केबिनीत.

अशा एका दुपारी सुपरवायझर साहेब दोन गिऱ्हाईकांना घेऊन आले. ट्रकवाले होते, पाच-सहा गाड्यांचे डाले बनवून घेणार होते. साहेब त्यांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हमारे सबसे पुराने कारीगर. आँख बंद करके भी लाइन सीधी मारते हैं." मी छाती फुगवून बटन दाबलं. हातभर जोड झाला असेल, अन् मशीन थांबली. पडद्यावर रेघा.

बाई तारेचं बंडल आणायले स्टोअरकडे गेली होती. ती दारातून येताना दिसली, पण लांब होती. गिऱ्हाईक माझ्याकडे पाहून राहिले. साहेब पाहून राहिले. मी दिव्याकडे पाहून राहिलो, अन् दिवा तोच, मळकट, नेहमीसारखा. सबसे पुराना कारीगर त्यांच्यासमोर कसं म्हणेल, की दीदी, जरा पाहून सांग, हा कोणता रंग आहे?

मले वाटलं थोडा मंद दिसते. मंद म्हणजे लाल असेल. एप्रिलातलं आठवलं, लालमध्ये एक सेकंद थांबायचं नाही. तोवर ती खांबाजवळ पोहोचली होती. मी हात खाली ओढून खूण केली, बंद कर.

तिनं दिव्याकडे पाहिलं अन् हात उचलला नाही. "भैया..." एवढंच म्हणाली.

"बंद करो बोला ना!" मी ओरडलो.

तिनं स्विच ओढला.

पाच मिनिटांनी मी ऐटीत खूण केली, चालू कर. मशीन चालू झाली, वीतभर चालली, पुन्हा थांबली. मी पुन्हा बंद करायले लावलं. एकदा चुकीचं ठरवलं की माणूस त्यालेच धरून राहते. गिऱ्हाईकांसमोर आता रंग बदलला असं कसं म्हणू? तिसऱ्यांदा चालू केली तेव्हा आतून चर्रर्र आवाज आला अन् जळालेल्या रबराचा वास सुटला. पडदाही गेला, दिवाही गेला. गिऱ्हाईक नाकाले रुमाल लावून बाहेर निघाले.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीवाला इंजिनीअर आला. झाकण उघडून त्यानं काळी पडलेली पट्टी दाखवली. पिवळ्यात बंद केली, तेही पुन्हा पुन्हा, म्हणाला. कोणी केली?

मले वाटलं, आता माझं नाव येणार. पण साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बाईकडे वळले. "इसने. मैंने अपनी आँख से देखा है. स्विच इसी के हाथ में था." अन् खरंच होतं ना. माझं ओरडणं त्यांनी ऐकलं नसेल, शेडमध्ये दोन ग्राइंडर चालत होते, अन् मी खूण केली तोवर त्यांचं ध्यान गिऱ्हाईकाकडे वळलं होतं. त्यांनी हात पाहिला. हात तिचा होता.

"तूने बंद किया?"

"हव," ती म्हणाली.

"किसने बोला था?"

ती काही बोलली नाही. मी मशीनीच्या उघड्या पोटात पाहून राहिलो होतो, जसं काही त्या जळक्या पट्टीवर माझं भविष्य लिहिलं आहे. अठरा वर्षं, माझ्या मनात आलं. आता सांगितलं तं मशीन हातून जाईल. साहेब विचारतील, आजवर काहून नाही सांगितलं? पूर्ण शेड हसेल. या वयात कोण ठेवेल मले? एवढं सगळं मनात आलं. तिचं मनात आलं नाही. आलं, पण उशिरा आलं.

साहेबांनी ठेकेदाराले फोन लावला अन् तिथल्या तिथं तिचा गेटपास काढून घेतला. कल से मत आना. ती माठाजवळ उभी राहिली. बराच वेळ उभी होती. मले वाटलं, धक्का बसला असेल बिचारीले. मंग ती डब्याची पिशवी घेऊन गेली.

चार दिवस मी जेवलो नाही म्हणणार नाही, जेवलो. पण तोंडाची चव गेली होती. मशीन दुरुस्तीले गेली, मी रिकामा बसून राहिलो, अन् जो भेटेल त्याच्यावर खेकसत होतो. बायकोवर, सायकलवाल्यावर, टपरीवर चहा उशिरा देणाऱ्यावर. राग सगळ्या दुनियेवर काढला, ज्याच्यावर काढायचा होता तो आरशात होता. पाचव्या दिवशी सकाळी मी केबिनीत गेलो अन् एका दमात बोलून टाकलं. साहेब, मले रंग दिसत नाहीत. बंद करायले मीच सांगितलं. बाईची चूक नाही, तिले परत बोलवा.

साहेबांनी चहा खाली ठेवला अन् हसले. हसले बाप्पा! म्हणाले, "आप बहुत सीधे आदमी हैं. बाई पर दया आ गई, है ना?"

मी म्हटलं, दया नाही साहेब, खरंच दिसत नाही.

"अच्छा? ये पाइप कौन सा कलर है?"

खिडकीबाहेर बागेचा पाइप पडला होता. शेडमध्ये सगळे त्याले हरा पाइप म्हणतात. मी म्हटलं, हिरवा.

"और वो क्रेन?"

आता क्रेन पिवळीच असते, हे आंधळाही सांगेल. मी म्हटलं, पिवळी.

"और ये?" त्यांनी आपल्या मोबाइलचं कव्हर दाखवलं.

हे मले खरंच माहीत नव्हतं. वैतागून मी म्हटलं, "लाल!"

ते लालच होतं.

साहेबांनी दोन्ही हात पसरले. "सब तो सही बता रहे हो! अब जाइए, काम कीजिए." मी तिथंच उभा. मी जन्मभर हे लपवायले धडपडलो, तेव्हा सगळ्यांना पटत होतं की मले दिसते. आता ओरडून सांगून राहिलो की दिसत नाही, तरी सगळ्यांना पटून राहिलं की दिसते. डोकं फोडून घ्यावं वाटलं, पण भिंतही त्यांचीच.

कागद पाहिजे होता. घरी आलो अन् बाबांना विचारलं, "बाबा, माझ्या रेल्वेच्या मेडिकलचा कागद कुठं आहे?" बाबा आता ऐंशीच्या पुढं आहेत. कान गेले, पण ही गोष्ट बरोबर ऐकली.

"कायले पाहिजे?"

"डोळ्यांचं लिहिलं आहे त्यात. फॅक्टरीत दाखवायचं आहे."

"फाडून टाकला मी. खोटा कागद घरात कायले ठेवायचा?" अन् लागलेच सुरू झाले, नियत, गरुड, सगळं पहिल्यापासून. बत्तीस वर्षं झाली, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. मी चपला घातल्या अन् बाहेर निघालो.

समता कॉलनीत डोळ्यांचा एक दवाखाना आहे. तासभर रांगेत बसलो. डॉक्टरीण बाईनं तेच ठिपक्यांचं पुस्तक काढलं. तेच ते, मेलं. या वेळी मी एकही आकडा मनानं ठोकला नाही. नाही दिसत, नाही दिसत, नाही दिसत, असं पानापानाले सांगत गेलो. बाईंनी पुस्तक मिटून सहज विचारलं, "वेल्डिंग करते हो और आज तक किसी को बताया नहीं?" मी म्हटलं, "बताया था, मॅडम. एक बार." त्यांनी छापील कागदावर लिहून सही-शिक्का दिला. परीक्षेत नापास झाल्याचा कागद हातात घेऊन एवढा खूश झालेला माणूस त्या दवाखान्यात दुसरा आला नसेल.

तो कागद मी आधी बाबांना दाखवला. दाखवायचा नव्हता, पण राहवलं नाही. त्यांनी भिंग लावून पूर्ण वाचला, शिक्काही वाचला, अन् परत देऊन म्हणाले, "आजकाल पैसे दिले की कोणताही कागद भेटते."

जाऊ द्या. त्या माणसाशी मी आता भांडत नाही.

साहेबांना मात्र शिक्का पुरला. वाचता वाचता त्यांचं हसू गेलं. मले वाटलं ओरडतील. ओरडले असते तं बरं झालं असतं. नुसते म्हणाले, "अप्रैल में भी उसी ने देखा था क्या?" मी हो म्हटलं. त्यांनी बराच वेळ कागद उलटून-पालटून पाहिला. मंग निकाल दिला. मशीनवर दुसरा माणूस बसेल, मी ड्रिलवर जायचं. ड्रिल मशीनले एकही दिवा नाही. अन् बाईले परत यायचं असेल तं येऊ दे, ठेकेदाराले सांगतो.

मले वाटलं होतं, मशीन गेली की मी कोसळीन. पण तेव्हा तं हलकंच वाटलं. तिले आपण स्वतः जाऊन सांगू, असं ठरवलं. रविवारी सकाळी बिरगावकडे गेलो, विचारत विचारत तिचा पारा शोधला. रस्ताभर मनात भाषण तयार केलं होतं. ती खूश होईल, म्हणेल, भैया, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलं. खरं सांगतो, मनात हेच होतं.

ती अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती. मले पाहून उठली, आत गेली, लोटाभर पाणी आणून समोर ठेवलं. त्यांच्यात कोणीही घरी आलं तरी आधी लोटा ठेवतात, वैरी आला तरी. मी बाजेवर बसलो अन् सांगितलं, काम परत भेटलं आहे, उद्यापासून ये. ती म्हणाली, भाटापारा गावाकडच्या राइस मिलमध्ये बोलणं झालं आहे, तिकडं बहीण राहते, आता येणार नाही. आवाजात राग नव्हता. असता तं मले काहीतरी बोलता आलं असतं.

म्हणून मी ते मोठं भाषण काढलं. म्हटलं, "दीदी, एक बात बतानी थी. मुझे उस बत्ती का रंग दिखता ही नहीं था."

तिनं सूप थांबवलं. "जानती हूँ. पहले हफ्ते से."

मले क्षणभर कळलंच नाही. मंग तिचं न विचारता हरियर-पिंवरा सांगणं, ते सगळं एकदम ध्यानात आलं, अन् कान तापले. मी म्हटलं, "तो फिर साहब ने पूछा, किसने बोला था, तब तुमने बताया क्यों नहीं?"

"आपकी बात थी, भैया," ती म्हणाली. "आप बोलोगे करके खड़ी थी."

अन् ती पुन्हा तांदूळ पाखडायले लागली. मी लोट्यातलं पाणी प्यायलो, अन् उठलो.